तेजस्विनी दरेकरने कंपायलर बदलला त्याची गोष्ट

कंपायलर बदलण्याची जबाबदारी तेजस्विनी दरेकर यांनी स्वतःहून घेतली, असं आमच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे. इतिवृत्त मी लिहिते. त्यामुळे ते वाक्य साफ खोटं आहे, हे सांगायचा अधिकारही माझाच.

आम्ही नऊ जण 'शिदोरी' सांभाळतो. लिनक्स हे कॉम्प्युटर चालवणारं, कोणालाही मोकळेपणी वापरता येणारं सॉफ्टवेअर. पण ते आयतं तयार मिळत नाही. जगभरातल्या लोकांनी लिहिलेले हजारो प्रोग्राम कोणीतरी गोळा करायचे, ते एकमेकांशी जुळतात का पाहायचं आणि मग सगळा संच लोकांच्या हातात द्यायचा, असं ते काम असतं. शिदोरी हा तसा एक संच. मराठी मेनूंचा, मराठी कीबोर्डचा, आणि मुद्दाम जुन्या कॉम्प्युटरांसाठी केलेला. ऑफिसांनी काढून टाकलेली यंत्रं शाळांमध्ये जातात, त्यांच्यावर दुसरं काही धड चालत नाही, शिदोरी चालते. दोनशे अकरा शाळा ती वापरतात. मी निकिता. मराठी भाषांतरं माझ्याकडे, आणि टायपिंग जलद म्हणून इतिवृत्तही.

मार्चचा पहिला रविवार होता. सकाळी दहाची ऑनलाइन बैठक. विषय एकच, आणि तो आम्ही तीन वर्षं पुढे ढकलत आलो होतो: कंपायलर नवा आणायचा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. शिदोरीतले तेवीसशे प्रोग्राम त्याच्या हाताखालून गेलेले. तो बदलायचा म्हणजे तेवीसशेच्या तेवीसशे पुन्हा बांधायला घ्यायचे, आणि जे मोडतील ते दुरुस्त करायचे.

"मग पुढाकार कोण घेतंय?" असं मी विचारलं आणि नेहमीचं सुरू झालं. कोणी पाणी प्यायला लागलं, कोणाचा कॅमेरा अचानक बंद पडला. तेवढ्यात तेजस्विनीचा आवाज आला, ठणठणीत: "हो, मी करते. सगळं माझ्याकडे द्या, एका झटक्यात उरकून टाकते."

आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. मी लिहून घेतलं.

झालं होतं असं, की नाशिकच्या इंदिरानगरमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तिच्या सासूबाईंनी, लंकाबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं होतं की पापडाचं पीठ कोण कुटणार. माइक चालू राहिला होता. संध्याकाळी इतिवृत्त पोचल्यावर तिचा फोन आला.

"निकिता, हे काय लिहिलंयस?"

"तूच म्हणालीस ना?"

"मी उडदाच्या पिठाबद्दल बोलत होते गं."

मी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिले. म्हटलं, थांब, खोडते. तर ती म्हणाली, "राहू दे. चार वेळा वाचलं मी ते. माझ्या नावापुढे बरं दिसतंय."

तेजस्विनी छत्तीस वर्षांची. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, अंबडच्या एका कारखान्यात सहा वर्षं यंत्रांचे प्रोग्राम लिहिले, कारखाना दुसरीकडे गेला तेव्हा ती गेली नाही. आता दुपारी मुलांचे कोडिंगचे वर्ग घेते. नवरा शेखर विंचूरच्या वाईन पार्कात बाटल्या भरण्याच्या विभागात आहे. सकाळी सहाला निघतो, संध्याकाळी येतो. घरात दिवसभर सासू आणि सून. शिदोरीत तेजस्विनी पाच वर्षं होती, पण कोपऱ्यातलं काम करायची; फॉन्ट, प्रिंटर, असलं. बैठकीत बोलली तर दोन वाक्यं. तिने एवढी मोठी गोष्ट अंगावर घेतली याचं आम्हाला नवल वाटलं, आणि सुटल्याचा आनंदही झाला, हे कबूल करायला हवं.

तिच्या गॅलरीत प्रोग्राम पुन्हा बांधणारं, म्हणजे बिल्ड करणारं, एक यंत्र आलं. दुसरी दोन येवल्याला योगेश सरांकडे होतीच. योगेश सर येवल्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवतात आणि आमच्या नऊ जणांत सगळ्यात उत्साही तेच. तिन्ही यंत्रं पाच दिवस घरघरत राहिली. सहाव्या दिवशी निकाल लागला. एका वेबपानावर तेवीसशे चौकोन. बिल्ड झाला तर हिरवा, फसला तर लाल. लाल निघाले चारशे बारा.

कारण साधं होतं. जुना कंपायलर भिडस्त होता. प्रोग्राममध्ये कोणी अघळपघळ लिहिलं तर नुसती कुरकुर करायचा आणि चालवून घ्यायचा. नव्या कंपायलरने कुरकुर सोडून दिली. चूक दिसली की काम बंद. वीस वर्षं खपून गेलेल्या चुका एका आठवड्यात उघड्या पडल्या.

तेजस्विनीने चारशे बारा नावं छापून काढली आणि इंग्रजी 'ए'पासून सुरुवात केली. दोन दिवसांत तिची सात झाली. तिसऱ्या दिवशी लंकाबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. लंकाबाईंचं वय सदुसष्ट. विंचूरला कांद्याच्या खळ्यावर निवडणाऱ्या चाळीस बायकांच्या त्या मुकादम होत्या; अठ्ठावीस वर्षं कांदा त्यांच्या नजरेखालून गेला. इंग्रजी त्यांना अक्षर जुळवत जुळवत वाचता येतं.

"ही लाल म्हंजे सडकी का?" त्यांनी विचारलं.

"सडकी नाही आई, दुरुस्त होतील. प्रत्येकाखाली लिहिलंय काय बिघडलंय ते."

लंकाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरले. बराच वेळ बघत राहिल्या. "तेजू, ह्याच्या खाली जे लिव्हलंय ना, तेच ह्या खालच्यात बी हाय. अन् ह्या तिसऱ्यात बी. मग तू नावावरनं काय निवडती? रोगावरनं निवड की. बारकी गोल्टी एकीकडं, जोड कांदा एकीकडं. एका ढिगाला एक इलाज."

तेजस्विनीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा श्वास लागला होता, जणू जिने चढून आली होती. त्या दुपारी दोघींनी हॉलमधलं टीपॉय सरकवलं आणि फरशीवर ढीग घातले. लंकाबाई अक्षर जुळवून वाचायच्या, "आय-एम-पी-एल-आय-सी... हा बी त्यातलाच, टाक तिकडं," आणि कागद भिरकावायच्या. चारशे बारा रोग्यांचे झाले अकरा ढीग. सगळ्यात मोठ्या ढिगात दोनशे चौसष्ट होते, आणि त्यांना दुरुस्ती एकाच तऱ्हेची: वापरलेल्या फंक्शनची ओळख वर एका ओळीत करून द्यायची, संपलं. तेजस्विनीने त्यासाठी छोटासा प्रोग्राम लिहिला. एका दिवसात दोनशे चौसष्ट लालांचे हिरवे झाले. लंकाबाई रोज सकाळी दात घासायच्या आधी विचारू लागल्या, "आज लाल किती?"

एकशे चाळीस. ब्याण्णव. एकतीस. नऊ. आम्ही बाकीचे, जे इतके दिवस पाणी पीत होतो, आपोआप ओढले गेलो. कोणी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत एक लाल उचलायचं, कोणी बसमध्ये. एप्रिलच्या दहा तारखेला शेवटचा चौकोन हिरवा झाला तेव्हा तेजस्विनीने आमच्या ग्रुपवर फक्त हिरव्या कोथिंबिरीच्या जुडीचा फोटो टाकला, आणि आम्ही नऊ मोठी माणसं त्यावर तासभर येड्यासारखे बोलत होतो.

सगळ्यात जास्त आनंद योगेश सरांना झाला. इतका, की त्यांनी कोणालाही न विचारता नवी शिदोरी शाळेच्या कॉम्प्युटरवर चढवली.

शाळा तेव्हा सकाळची होती. तोच कॉम्प्युटर शाळेची घंटा द्यायचा. सरांनी सहा वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम त्यावर होता. वेळ झाली की भिंतीवरची विजेची घंटा वाजवायचा. त्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी घंटा वाजली. मधली सुट्टी. मुलं डबे घेऊन बाहेर आली. अर्ध्या मिनिटाने पुन्हा वाजली, सुट्टी संपली. मुलं उठली, तोच पुढच्या तासाची, मग त्याच्या पुढच्या तासाची, आणि मग ती शाळा सुटल्याची लांबलचक घंटा. तीनशे मुलांनी घड्याळाकडे बघितलं नाही. दप्तरं घेऊन ती जी सुटली, ती फाटकातून बाहेर पडून बसस्टँडपर्यंत पोचली. मुख्याध्यापिका बाई हातात खडू घेऊन पाठीमागे धावत होत्या. शिपायाने शेवटी घंटेची वायर ओढून काढली.

सरांनी तेजस्विनीला फोन केला तेव्हा मागे बाईंचा आवाज ऐकू येत होता. "ताई, सगळं हिरवं होतं ना हो?" एवढंच ते म्हणाले.

"सर, घंटेचा प्रोग्राम शिदोरीतला आहे का?"

"नाही, माझा आहे. घरीच केलेला. जुनाच."

तेजस्विनी म्हणाली, "थांबा," आणि फोन न ठेवता तशीच गॅलरीत गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुनी यंत्रं वेळ मोजतात ती एकोणीसशे सत्तर सालापासूनचे सेकंद मोजून, आणि ते सेकंद ज्या जागेत मावतात ती जागा जानेवारी दोन हजार अडतीसमध्ये भरून जाणार आहे. म्हणून नव्या कंपायलरबरोबर आम्ही ती जागा दुप्पट रुंद केली होती. सगळ्यांची एकदम केली, त्यामुळे आमच्या तेवीसशेंचं आपसात छान जुळलं. पण प्रोग्राम एकटे चालत नाहीत. ते वेळेचा हिशोब, अक्षरं दाखवणं, असली रोजची कामं लायब्ररींकडून करून घेतात. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात असा तयार भाग. योगेश सरांचा जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीकडे अरुंद जागेतली वेळ घेऊन गेला. लायब्ररीने सवयीने रुंद जागा वाचली, शेजारचा भलताच आकडा त्यात मिसळला, आणि तिच्या मते कुठलंतरी दूरचं शतक उजाडलं. मग दिवसभराच्या सगळ्या घंटा द्यायच्या राहून गेल्यात असं समजून प्रोग्रामने त्या इमानदारीत एकापाठोपाठ एक देऊन टाकल्या.

तेजस्विनीला हे कळायला चाळीस मिनिटं लागली. पुढचं मात्र लगेच कळलं. आपल्या पानावर सगळं हिरवं आहे, पण लोकांनी घरी केलेले प्रोग्राम त्या पानावर नाहीतच. ते किती आहेत, कुठे आहेत, आपल्याला माहीतच नाही.

रविवारी बैठक झाली. तिने उपाय मांडला: वेळेशी संबंध येणारी प्रत्येक लायब्ररी नव्या नावाने द्यायची, आणि जुनी जुन्या नावाने शेजारीच राहू द्यायची. जुना प्रोग्राम जुनं नाव विचारेल, त्याला जुनीच मिळेल. नवे प्रोग्राम नव्या नावाने जातील. चुकून गाठ पडणारच नाही. अशा लायब्ररी होत्या एकसष्ट, आणि त्यांच्यावर उभे असलेले सातशे दहा प्रोग्राम पुन्हा बिल्ड करावे लागणार होते.

एक जण म्हणाला, "एका घंटेपायी सातशे दहा?"

तेजस्विनी कधी भांडत नाही. ती म्हणाली, "एकच घंटा आहे का, ते विचारूया."

मी शाळांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला: शिदोरीवर तुम्ही स्वतः केलेला काही प्रोग्राम चालतो का? मला वाटलं दोन-तीन उत्तरं येतील. दुपारी जेवायला बसले तेव्हा फोन थरथरायला लागला आणि तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

दिंडोरीकडच्या एका शिक्षकाने कोंबड्यांच्या शेडमधलं तापमान बघणारा प्रोग्राम केला होता. पेठच्या एका शाळेत मुलींनी अंताक्षरीचा पंच केला होता. वेळ संपली की तो भोंगा वाजवायचा आणि पक्षपात करत नाही म्हणून गावात नावाजलेला होता. सिन्नरच्या कोंडाजी सरांनी प्रत्येक मुलाच्या वाढदिवसाला पडद्यावर त्याचं नाव नाचवायची सोय केली होती, आणि एकोणतीस फेब्रुवारीच्या मुलीसाठी वेगळा नियम लिहिला होता. कोणी पाण्याची टाकी भरल्याचं सांगणारं केलं होतं, कोणी देवळाच्या आरतीची वेळ, कोणी शाळेच्या बागेतल्या वांग्यांचं पाणी. एकाने लिहिलं, माझा प्रोग्राम काही करत नाही, फक्त दर तासाला एक कोडं घालतो, चालेल का?

मी ते एकेक बैठकीच्या ग्रुपवर टाकत गेले. आधी लोक हसले. मग प्रत्येक निरोप दोनदा वाचायला लागले. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, आम्ही शाळांना टाइप करायची सोय देतोय. आणि तिकडे या लोकांनी आम्हाला न सांगता केवढी जत्रा भरवली होती. सदतीस प्रोग्राम. "एका घंटेपायी" म्हणणाऱ्यानेच पहिल्यांदा लिहिलं, "कुठल्या लायब्ररीपासून सुरू करायचं?"

सुरुवात तळापासून करायची होती. ज्या लायब्ररीला दुसऱ्या कोणाची गरज नाही ती आधी, मग तिच्यावर उभ्या असलेल्या, मग त्यांच्यावरच्या. तेजस्विनीने हॉलच्या भिंतीवर तळापासून वरपर्यंत चिठ्ठ्या डकवल्या. लंकाबाईंचं काम वरच्या मजल्यातली चिठ्ठी खालच्याच्या आधी कोणी उचलत नाही ना, हे बघायचं. त्या व्हिडिओ कॉलवर येऊन आम्हाला दटावू लागल्या. "ए, चष्म्यावाल्या, तुझी पाळी नाय अजून. खालचं होऊ दे."

मेच्या मध्यावर गॅलरीतलं यंत्र उन्हाने तापून बंद पडायला लागलं. लंकाबाईंनी गोणपाट भिजवून ग्रिलला बांधलं आणि दर तासाला त्यावर तांब्याभर पाणी मारलं. यंत्र चालू राहिलं. पुढे दोन लायब्ररी अशा निघाल्या की हिला ती आधी हवी आणि तिला ही आधी हवी. तीन दिवस काम अडलं. तेजस्विनी आंघोळ करताना, फोडणी देताना त्याचाच विचार करत होती. शेवटी तिने एकीचा अर्धाच भाग बिल्ड केला, त्यावर दुसरी उभी केली, आणि मग पहिली पूर्ण केली. हे जमलं तेव्हा तिने शेखरला कामावर फोन लावून सांगितलं. शेखरला त्यातलं काही कळलं नाही, पण संध्याकाळी तो नाशिकच्या प्रसिद्ध बुधा हलवाईकडची नव्हे, कोपऱ्यावरच्या साध्या दुकानातली किलोभर जिलबी घेऊन आला, कारण ती गरम होती.

जूनच्या आठ तारखेला सगळं झालं. या वेळी तेजस्विनीने नुसत्या हिरव्या चौकोनांवर भरवसा ठेवला नाही. सदतीसही घरगुती प्रोग्राम मागवून घेतले आणि नव्या शिदोरीवर एकेक चालवून पाहिले. दोन दिवस त्यांच्या घरात भोंगे वाजत होते, कोडी घातली जात होती आणि अनोळखी मुलांचे वाढदिवस साजरे होत होते. छत्तीस नीट चालले. सदतिसावा, वांग्यांचा, आधीपासूनच बिघडलेला होता. तो तिने जाता जाता दुरुस्त केला. योगेश सरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी लेखी परवानगी दिल्यावरच सरांनी शाळेला हात लावला.

शाळांनी संच उतरवून घेतला. फक्त सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेचं इंटरनेट इतकं मंद होतं की ते दोन आठवड्यांत झालं नसतं. मग एका शनिवारी शेखरने गाडी काढली. पेनड्राइव्ह घेऊन तेजस्विनी, मागच्या सीटवर लंकाबाई आणि मी.

तिथल्या शिक्षिका ललिता भोये फाटकातच उभ्या होत्या. आमचा निरोप त्यांना मिळालाच नव्हता, रेंज नसते. तेजस्विनीने अर्ध्या तासात नवी शिदोरी चढवली आणि सहज विचारलं, "तुमचं स्वतःचं काही आहे का यावर?"

"आहे ना," ललिताताई म्हणाल्या. "माझ्या आजीचा आवाज."

त्यांनी आजीचा, चिमणाबाईंचा, आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. घरापासून लांब राहणाऱ्या लहान मुलांना दिवसभर तो त्यांच्याच, कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत वेळ सांगायचा: उठा, दात घासा, आता पाढे, आता खेळा. चार वर्षं रोज. प्रोग्राम दहावीच्या एका मुलीने लिहिला होता, ती आता नाशिकला शिकते. जिच्यात दुरुस्ती करता येते ती, त्या मुलीने लिहिलेली मूळ प्रत ललिताताईंकडे नव्हती.

तेजस्विनीचा चेहरा उतरला. हा अडतिसावा होता आणि त्याची चाचणी झाली नव्हती. मोडला असता तर दुरुस्त करायला हातात काही नव्हतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि घड्याळाकडे बघत राहिली. बाराला पाच कमी होते. खोलीच्या दारात मुलं गोळा झाली. या पाहुण्या बाई घाबरल्यासारख्या का दिसतायत, हे त्यांना कळेना. लंकाबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. बारा वाजले. काही झालं नाही. बारा वाजून पाच मिनिटं. मी ललिताताईंकडे बघितलं, तर त्या शांत होत्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी, शाळेच्या जेवणाच्या नेहमीच्या वेळेला, स्पीकर खरखरला आणि एका म्हाताऱ्या बाईचा, खेळकर, जरा नाकातून येणारा आवाज खोलीभर झाला. जेवायची वेळ झाली, हात धुऊन या, असं ती म्हणत होती. दारातली मुलं वळून नळाकडे पळाली.

तेजस्विनी उठली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. तिला नक्की काय करावं ते समजत नव्हतं. ललिताताई म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण हात धुवा. आजी उशीर खपवून घेत नाही."

नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर होती आणि उडदाची आमटी. लंकाबाई मुलांच्या पंगतीत जाऊन बसल्या आणि त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली.